दादाजीचा थांबा

दादाजी हे त्याचं पाळण्यातलं नाव. या भागात तान्ह्या पोरालाही खुशाल दादाजी म्हणतात, आणि मग साठी आली की नाव आणि माणूस एकमेकांना शोभायला लागतात. सावली तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर ढिवरांची दहा-पंधरा घरं आहेत, त्यातलं अगदी शेवटचं घर याचं. मागचं दार उघडलं की नदी. मासोळी, जाळं आणि नाव यांच्या पलीकडे दादाजीला फारसं काही माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं.

महाशिवरात्रीला हे घर नावेतून मार्कंड्याच्या जत्रेला जायचं. रस्त्याने जीपा धावायला लागल्या, एसटीच्या जादा गाड्या सुटायला लागल्या, तरी हे आपले नदीनेच. दोन डोंगे बाजूबाजूला बांधायचे, वर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर भाताची तणस अंथरायची आणि भाकऱ्यांची गाठोडी घेऊन पहाटेच निघायचं. पाणी उथळ झालं की सगळ्यांनी उतरून नाव रेतीवरून ढकलायची आणि पुन्हा डोह लागला की बसायचं. दिवस बुडता बुडता देवळाचा कळस दिसायचा.

आता घरची माणसं म्हटली की प्रत्येकाला वाटेत कुठे ना कुठे उतरायचं असणारच. कोणाला बहिणीकडे, कोणाला बोरं खायला, कोणाला नुसतंच पाय मोकळे करायला. दादाजीचा बाप सोमाजी याच्या काळात यावरून इतकी भांडणं व्हायची की देवापुढे उभं राहीपर्यंत निम्मी माणसं एकमेकांशी बोलत नसत. एका वर्षी सोमाजीचं डोकं फिरलं. त्याने भर डोहात नाव उभी केली, नाव रेटायचा बांबू आडवा ठेवला आणि नियम सांगितला. नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला वाटेत एक थांबा मिळेल. एकच. कुठे ते आदल्या दिवशी अंगणात सांगायचं. ज्याचा थांबा त्याचा, कशाला म्हणून कोणी विचारायचं नाही.

या नियमाला एक शेपूटही होतं. ज्याच्या हाती बांबू, त्याला थांबा नाही, आणि त्याने नाव सोडून जायचं नाही. कारण तोच सोमाजी एकदा तंबाखू मागायला म्हणून काठ चढला होता, आणि नाव बायकापोरांसकट पुढच्या वळणापर्यंत वाहत गेली होती. ही गोष्ट सोमाजी स्वतः कधी सांगत नसे. बाकी सगळा गाव सांगायचा.

बाप थकल्यावर बांबू दादाजीच्या हाती आला, तो त्याचा जन्मच खाऊन गेला. वाटेतल्या प्रत्येक गावाचा घाट त्याला ठाऊक होता, घाटावरची कुत्री ठाऊक होती, कपडे धुणाऱ्या बायांच्या दोन-दोन पिढ्या ठाऊक होत्या. पण घाट चढून वर काय आहे, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. लोक वर जायचे, खाऊनपिऊन हसत परत यायचे, आणि हा खाली दोरी धरून बसलेला असायचा. त्याची त्याला तक्रार नव्हती. त्याला एकाच काठाने छळलं होतं.

तो काठ जांभळीचा. दोन गावांच्या मधे, जिथे ना घाट ना घर, तिथे उंच दरड होती आणि दरडीवर एका जांभळीचा शेंडा तेवढा नदीतून दिसायचा. दादाजीची बायको गोकुळा लग्न होऊन आली त्या वर्षापासून दर साली तोच थांबा मागत होती. एकटीच वर चढायची. खाली दादाजी एक बिडी ओढायचा, ती संपली की तोंडाशी हात धरून आरोळी ठोकायचा, “चाल वोऽ धनराजच्या माऽय!” आणि थोड्या वेळाने गोकुळा पदर सारखा करत उतरून यायची, नावेत बसायची, आणि भाकरीचं गाठोडं सोडायची.

वर काय होतं? दादाजीच्या बहिणीला, धुरपताला, वाटायचं की नवस असणार. तरुणपणी दादाजीच्या मनात भलतंसलतंही येऊन गेलं होतं, कारण गोकुळाचं माहेर त्या काठापासून आत फार लांब नव्हतं, आणि माहेरी कोण कोण असतं हे कोणी सांगावं. पुढे त्या विचाराची त्याची त्यालाच लाज वाटली. पण प्रश्न काही गेला नाही. विचारायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. संसार सगळा नीट झाला, पोरं झाली, सून आली, आणि ही एक गोष्ट काट्यासारखी राहून गेली.

अठ्ठ्याण्णव साली दादाजीचा उजवा खांदा गेला. जाळं ओढताना कळ आली ती मग राहिलीच. हात डोक्याच्या वर जाईना. म्हणून त्या महाशिवरात्रीला बांबू धनराजच्या, थोरल्या लेकाच्या, हाती आला. आदल्या दिवशी संध्याकाळी सगळे अंगणात बसले. धुरपताने आपल्या नणंदेचं गाव सांगितलं. तिथे जेवण बरं मिळतं आणि बोलणं त्याहून बरं. धनराजच्या बायकोने, प्रियाने, मावसबहिणीचा घाट मागितला. नात आचलला बोरांचा काठ हवा होता, शिवाय शिंगाड्याचा तलावही हवा होता. एकच मिळेल म्हटल्यावर तिने रडून पाहिलं, पण सोमाजीच्या नियमापुढे कोणाचं रडणं चालत नाही.

“माझा नेहमीचाच,” गोकुळा म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

मग धनराज बापाकडे वळला. “बा, तुमचा?”

दादाजी गडबडला. आपल्यालाही आता थांबा आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्यांना मात्र भारी उत्साह आला. धुरपता म्हणाली, “माह्यासंगच चाल, चांगली वांग्याची भाजी खाजो.” प्रिया म्हणाली, “मामाजी, एकदा सासुरवाडीले जाऊन या ना.” आचल येऊन मांडीवर बसली आणि लाडात म्हणाली, “आबाजी, तुमाले काईच सुचत नसन तं तुमचा मले द्या.”

“सकाळी सांगतो,” दादाजी म्हणाला. आदल्या दिवशी सांगायचा नियम होता, पण पहिल्याच खेपेला बापाला काय अडवायचं म्हणून धनराजने चालवून घेतलं.

दादाजीला सुचत नव्हतं असं नाही. एकच सुचत होतं, आणि ते तोंडातून बाहेर काढायची भीती वाटत होती. पहाटे सगळे नावेत बसले, धनराजने बांबू टेकवून नाव पाण्यात लोटली, तेव्हा कुठे तो समोर पाहत म्हणाला, “माझा थांबा जांभळीचा काठ.”

गोकुळाचा हात गाठोड्यावर होता, तो तिथेच राहिला.

“बा, पण थो तं मायचा हाय,” धनराज म्हणाला.

“दोघायचा एक असू नये, असं तुह्या आज्यानं कधी सांगतलं होतं काय?”

असं काही आज्याने सांगितलं नव्हतं. कशाला म्हणून विचारायचं तर नव्हतंच. धुरपताने एकदा भावाकडे आणि एकदा भावजयीकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता पान लावायला घेतलं.

गोकुळा पाण्याकडे पाहत होती. रागावली होती की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. इतकी वर्षं दादाजी नावेच्या मागच्या टोकाला उभा असायचा आणि ही पुढे बसलेली. तिची पाठ तेवढी त्याच्या ओळखीची. आज पहिल्यांदा तो तिच्या शेजारी बसला होता, आणि शेजारी बसून त्याला जास्तच परकं वाटत होतं. बोरांचा काठ झाला, प्रियाची मावसबहीण झाली. धुरपताच्या नणंदेकडे सगळे वर जेवायला गेले. दादाजीलाही हाताला धरून नेत होते, पण तो सवयीने दोरी धरून खालीच बसला, आणि धनराजने दोरी मागितली तरी त्याच्याने सोडवेना. खरं म्हणजे त्याला घास जाणारच नव्हता. आपण चूक केली, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. बाईने उभ्या जन्मात एक गोष्ट आपल्यापुरती ठेवली, आणि आपण म्हातारपणी तीही उघडायला निघालो.

ऊन कलायला लागलं तेव्हा जांभळीचा शेंडा दिसला. धनराजने नाव दरडीला लावली. गोकुळा लुगडं वर खोचून उतरली, दोन पावलं गेली आणि मागे न पाहता म्हणाली, “या मंग.”

दरड निसरडी होती. ती सराईतपणे चढत होती आणि हा मुळं धरधरून तिच्या मागे. वर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती, पण डोळे मात्र चहूकडे फिरत होते. जांभूळ होती. तिच्या सावलीत एक चपटा दगड होता. पलीकडे लाखोळीचं शेत, त्याच्या पलीकडे दुसरं शेत. शेंदूर नव्हता, देव नव्हता, झोपडी नव्हती, माणूस तर औषधालाही नव्हता. गोकुळाने पदराने दगड झटकला आणि त्यावर बसली.

“मंग?” दादाजी म्हणाला.

“मंग काय?”

“इथी काय करतेस तू?”

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण बापाचा नियम मोडला. गोकुळाला हसू आलं. “विचारलंच ना शेवटी,” ती म्हणाली. “निजतो.”

“निजतेस?”

“हव. लगन होऊन आली तवा तुमच्या मायनं म्हटलं, तू बी थांबा सांग. मले तं नदीवरचं कोणतंच गाव ठाव नव्हतं. झाड दिसलं म्हून सांगतलं. वर आली, सावली होती, टेकली, अन् डोळा लागला.” ती दगडावरून हात फिरवत होती. “घरी नऊ माणसं. दिवसा सुनेनं आडवं व्हाची सोय नव्हती. अन् कोणी ना कोणी हाक मारूनच राह्यते. सूनबाई, वहिनी, माय, आता आजी. घडीभर कोणी आपल्याले बोलावून नाई राह्यलं, तं किती बरं वाटते, तुमाले नाई समजाचं.”

“एवढंच?”

“एवढंच. पण पुरती झोप कधी झाली नाई. डोळा लागते न लागते, तं खालून तुमची हाक येते.”

तिने हे भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं. राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. त्यामुळेच ते दादाजीच्या जिव्हारी लागलं. बिडी संपली की आरोळी. बिडी किती वेळ जळते? आपणच, दर साली, आपल्याच तोंडाने. वाटेल ते त्याने मनात आणलं होतं, पण आपली बायको दमली असेल, हे काही त्याच्या मनात आलं नव्हतं.

“नीज,” तो म्हणाला.

“अन् तुमी?”

“मी तिकडं बसतो.”

तो दरडीच्या कडेला गेला आणि तिच्याकडे पाठ करून नदीकडे तोंड करून बसला. खाली नाव दिसत होती. आचल रेतीत खेळत होती, धुरपता आणि प्रिया गप्पा मारत होत्या, धनराज बांबू टेकवून उभा होता. मागे एकदा कूस बदलल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. पाण्याचा वारा थंड होता. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

थोड्या वेळाने धनराजने वर पाहिलं. मग उन्हाकडे पाहिलं. मग बांबू बगलेत धरून दोन्ही हात तोंडाशी नेले आणि छाती फुगवली, अगदी बापासारखी. दादाजी ताडकन उठला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले. जो हात गेले कित्येक महिने वर जात नव्हता तोही गेला, आणि खांद्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांत पाणी आलं. पण धनराजची आरोळी तोंडातच राहिली. तो बिचारा घाबरला आणि दरड चढायला लागला. दादाजी ओठांवर बोट ठेवून अर्ध्यात त्याला आडवा गेला.

“नाव सोडून काऊन आला?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “ज्याच्या हाती बांबू, त्यानं नाव सोडाची नाई.”

“बा, उशीर होऊन राह्यला ना. दिवस बुडाच्या आत मार्कंड्याले पोचाचं हाय.”

“देव काई उठून जाऊन नाई राह्यला. रातभर जत्रा असते. जा, नाव पाह्य. अन् कोणाले हाक मारू देऊ नको.”

धनराज उतरला. दादाजी परत कडेला येऊन बसला. आचलने एकदा “आजीऽ” म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा प्रियानेच तिला ओढून घेतलं. मग खालची माणसं हळूहळू गप्प झाली. सावली दगडावरून सरकून शेतात गेली, लाखोळीच्या निळ्या फुलांवरचं ऊन पिवळं झालं, आणि तरी दादाजी हलला नाही.

गोकुळा जागी झाली ती दचकूनच. तिने उन्हाकडे पाहिलं, घाईघाईने अंबाडा बांधला, पदर सावरला.

“अवो! दिवस बुडाले आला ना! सारे वाट पाहून राह्यले असन. काऊन नाई उठवलं मले?”

दादाजी दुखरा खांदा चोळत होता. “माझा थांबा होता,” तो म्हणाला. “कशाले म्हून विचाराचं नाई.”

गोकुळा दगडावर थोडी सरकली आणि तिने शेजारची जागा पदराने झटकली. तो येऊन बसला. खालून आता धनराजला राहवलं नाही आणि त्याने जोरात आरोळी दिली. दोघांनाही ती स्वच्छ ऐकू आली, पण उठलं कोणीच नाही.