मास्तरांचं कोरं पाणी

रंगाचा नमुना बघण्याआधी मास्तर समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे मिनिटभर टक लावून उभे राहायचे. त्याला ते डोळा धुणं म्हणत. मग कापडाची पट्टी दारातल्या उजेडात धरून सांगायचे, "लाल थोडा जास्ती शे." सुरतजवळ भेस्तानच्या आमच्या डाइंग मिलमध्ये त्यांच्या शब्दावर कापडाचे ताकेच्या ताके पास किंवा नापास व्हायचे.

नव्वदच्या दशकात कधीतरी शेठनी रंग जुळवणारा कॉम्प्युटर आणला आणि तो चालवायला मला, नुकत्याच बीएस्सी झालेल्या मुलीला, ठेवलं. म्हणजे मी मास्तरांच्या पोटावर पाय द्यायलाच आले होते. त्यांनी मात्र पहिल्याच दिवशी डब्यातली खानदेशी कळण्याची भाकरी अर्धी माझ्यापुढे सरकवली. सगळं सुरत म्हणतं तसं मला ते बेन म्हणत.

त्याच सुमारास शेठनी ऑफिसात खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी मांडली. मासे होतेच, पण खरा तोरा बाहेरून मागवलेल्या जिवंत प्रवाळाचा. जांभळं, हिरवं, पाण्यात झुलणारं. "मास्तर, आ तमे संभाळो," शेठ हसत म्हणाले. "ए जीवशे त्यां सुधी तमारी नोकरी." पेटी जगेल तोवर नोकरी. हसले फक्त शेठच.

माशांची घाण साठली की पाण्यात नायट्रेट वाढतं. ते मोजायला काचेच्या नळीत चार थेंब औषध टाकायचं. पाणी जितकं गुलाबी, तितकं नायट्रेट जास्त. इथे कॉम्प्युटरचं काम नव्हतं, डोळाच हवा होता. मास्तर पुन्हा ताठ चालू लागले.

पण डाइंगवाल्याचा धर्म एकच, पाण्यात रंगाचा थेंबही उतरेनासा होईपर्यंत कापड धुवायचं. "पानी कोरं निंघस तोवर धोवानं," ते म्हणायचे. तोच नियम त्यांनी पेटीला लावला. नळीत जराशी गुलाबी झाक दिसली की निम्मं पाणी काढून मिठाचं नवं ओतायचे. माशांचं खाणंही तोडलं. पेटीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत लिहिलं होतं, की नव्या पेटीत थोडं नायट्रेट राहू द्या, प्रवाळाला ते लागतं. पाणी एकदम फार बदलू नका. मी एकदा वाचून दाखवलं. माझ्याकडे न बघता मास्तर म्हणाले, "मशीननी मना रंग लिधा, आते तू पानीबी लेशी का, बेन?"

मी पुस्तिका ड्रॉवरमध्ये टाकली. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. म्हटलं, करा काय करायचं ते.

प्रवाळ फिकट होत गेलं. ते बघून मास्तर आणखी पाणी बदलत. एका सोमवारी सगळं पांढरंफटक पडून मेलं होतं आणि नळीतलं पाणी अगदी कोरं होतं. मास्तरांनी भिंतीकडे बघून डोळा धुतला, परत पेटीकडे बघितलं. असं तीनदा केलं.

त्या आठवड्यात शेठनी त्यांना घरी बसायला सांगितलं. जाताना ते फाटकाशी माझ्यासाठी थांबले. "बेन, पुस्तकमा व्हतं ते खरं व्हतं का?"

"नाही मास्तर," मी म्हटलं. "प्रवाळच रोगट आलं होतं."

त्यांचा चेहरा सैलावला. मान हलवून ते गोडादऱ्याच्या रिक्षात बसले.

पुढे तीन वर्षं मी त्याच मिलमध्ये होते. आजही कुठे पांढरं, स्वच्छ काही दिसलं की मी नजर वळवते. गोडादरा लांब नव्हता, घरही मला ठाऊक होतं. मी एकदाही गेले नाही. त्यांनी परत विचारलं असतं, तर दुसऱ्यांदा मला खोटं बोलता आलं नसतं.