बजेटच्या दिवसांतली मोजणी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली, पण आमच्या हद्दीतल्या महाल वस्तीतली ती मोजणी मी विसरलेलो नाही. महापालिकेचं बजेट सभेपुढे यायचं होतं. मालमत्ता करात वाढ सुचवली होती. निर्णय अजून व्हायचा होता, पण गल्लीबोळांत कर दुप्पट झाल्याचंच लोक बोलत होते.

एका सकाळी मी पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी पाहत होतो. महालातला एक ऑटोवाला आत आला. "साहेब, आमच्या शेजारची ताई घर विकून राहिली. करवाल्यानं भेव दाखवला तिले. उद्या रजिस्ट्री हाये."

घर विकणं हा काही गुन्हा नाही. तरी मी साध्या कपड्यांत जाऊन आलो.

ताई पन्नाशीच्या, विधवा. पुढच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करायच्या. म्हणजे घर गेलं की धंदाही गेला. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस मोजणी करून गेला होता. त्याने सांगितलेला नवा कर ऐकून त्यांची झोप उडाली. मग त्यानेच सदर भागातला एक दलाल आणून दिला आणि ताईंनी इसार घेतला.

"सभेत अजून ठरलंच नाही, मग त्याने आकडा कुठून आणला?" मी विचारलं.

"मले काय माहीत, भाऊ? कार्ड होतं त्याच्या गळ्यात." मग त्या फणकारल्या, "मी सैपाकघर लख्ख घासून ठेवलं होतं. मेला आत डोकावला पण नाही! मागचं आंगण मोजलं, गल्लीची रुंदी मोजली अन् गेला."

तिथेच मी सावध झालो. माझ्या घराच्या कराचं बिल मी दरवर्षी ओळ न् ओळ तपासतो. करासाठी बांधकाम मोजतात, मजले किती, भाडेकरू आहे का, हे विचारतात. घर सोडून रस्ता आणि मोकळी जागा पाहतो, तो जागा घेणारा.

दुसऱ्या दिवशी तो कार्डवाला ताईंना रजिस्ट्रीला न्यायला आला, तेव्हा आमच्या शिपायांनी त्याला दारातच धरलं.

ठाण्यात तो ठाम होता. "मी कंत्राटावर आहे साहेब. सगळी मापं बरोबर आहेत."

असा माणूस ओरडून बोलता होत नाही. त्याला त्याचंच काम करायला लावावं. मी टेप पुढे केला. "आमचं ठाणं मोज. कर किती बसतो, सांग."

तो टेप घेऊन सरळ फाटकाबाहेर गेला आणि रस्ता मोजू लागला. हवालदारांना हसू आवरेना. "साहेब, हा तर ठाणंच खरेदी करून राहिला!"

"खोल्या नाही मोजत?" मी विचारलं.

"खोल्या तर पाडायच्याच असतात ना, सा..." एवढं बोलून तो थांबला. पुढचं सगळं मग आपोआप बाहेर आलं. महापालिकेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कळमेश्वरच्या कारखान्यातलं काम सुटल्यावर तो दलालाकडे लागला होता. घाबरवून स्वस्तात जागा मिळवायची, ही त्यांची रीत. दुपारपर्यंत दलालही ठाण्यात होता. तोतयेगिरी आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल केला, रजिस्ट्री थांबली.

ताईंचा चेहरा मात्र उतरलेलाच. "पण कर तर वाढनच ना, भाऊ? मंग मी भरू कुठून?"

मी त्यांचं जुनं बिल मागवलं आणि शेजारी बसून हिशेब मांडला. सुचवलेली सगळी वाढ मंजूर झाली, तरी वर्षाचा जादा भार त्यांच्या एका महिन्याच्या विजेच्या बिलाएवढाच होता.

"एवढासा?" त्या कागदाकडे बघत राहिल्या. "अन् एवढ्यासाठी मी घर देऊन राहिली होती?"

पुढे सभेने काही वाढ मंजूर केली. ताईंनी कुरकुरत भरली, मीही भरली.

माणूस काय सांगतो यापेक्षा तो काय पाहतो आणि काय सोडतो, हे बघायला मी या प्रकरणात शिकलो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घाबरलेल्याला नुसतं "घाबरू नका" म्हणून भागत नाही. आरोपी आत गेले तरी ताई उद्या दुसऱ्या कुणाला घर देऊन बसल्या असत्या. म्हणून त्यांच्या शेजारी बसून केलेला तो हिशेब मी तपासाचाच भाग मानतो.