माझे लग्न परत मिळणेबाबत

शूटिंगवाली आत्या लग्नघरात शिरली की लोक नवरदेवाआधी तिच्याकडे बघायचे. पदर कमरेला करकचून खोचलेला, उजव्या खांद्यावर कॅमेरा, डाव्या हाताला गुंडाळलेली लाइटची वायर, आणि तोंडाने सगळ्यांना हुकूम. "ओ भटजी, मंगळसूत्राचा पुन्ना करा. तुमचा कोपर आडवा आला." आणि भटजी मुकाट्याने पुन्हा करायला लावायचे. एकदा एका आमदाराच्या माणसाला तिने स्टेजवरून खाली उतरवलं होतं. "तुमी निवडून आल्यावर या. आता नवरीची आय दिसूं द्या."

शेलार गावच्या नाक्यावर तिचं दुकान होतं, आणि शेजारच्या गाळ्यात माझं टायपिंग-झेरॉक्सचं. मी तिच्या नात्याचा नव्हे, जातीचाही नव्हे; पण सगळा नाका तिला आत्या म्हणायचा, म्हणून मीही. ती मला नावाने कधी हाक मारत नसे. "ए टायपिंग, च्या सांगितलाय, ये." माझं लग्न विहारात झालं, तेही तिनेच शूट केलं. वंदना चालू असताना तिने एकालाही हुकूम सोडला नाही. नुसती भिंतीला पाठ लावून उभी होती. बाहेर आल्यावर मात्र माझ्या सासऱ्यांना तिने तीनदा हसायला लावलं.

शूटिंग तिच्या नवऱ्याचा धंदा. तो काविळीने गेला तेव्हा कॅमेऱ्याचे हप्तेही संपले नव्हते. दिवसकार्य झालं आणि पुढच्याच आठवड्यात ती कॅमेरा घेऊन गावातल्या एका साखरपुड्याला गेली. बाईमाणूस शूटिंग करते म्हणून लोक हसले. पण बायकांच्या लवकरच लक्षात आलं की ही आतल्या खोलीत येऊ शकते. हळद लागते तिथे, चुलीपाशी, नवरी रडते तिथे. पुरुष शूटिंगवाल्याला जे कधी दिसलं नाही, ते आत्याच्या टेपांत आलं.

त्यातलंच एक म्हणजे धवले. आमच्या भागात आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवलारीण गाते. तिच्या गाण्याशिवाय हळद चढत नाही. त्या गाण्यात ती नवरीचं नाव ओवते, गाव ओवते, आईबापांना ओवते. म्हणून एका लग्नातला धवला दुसऱ्या लग्नात जसाच्या तसा कधी येत नाही. आत्याची सासू ही पंचक्रोशीतली जुनी धवलारीण. सगळे तिला 'म्हातारी आय' म्हणत. सुनेने कॅमेरा धरायचा आणि सासूने गायचं, अशी त्या दोघींनी कितीतरी लग्नं केली. म्हातारी थकली, गेली. पण तिचा आवाज आत्याच्या टेपांत राहिला.

टेपांच्या बाबतीत आत्याचा नियम वेगळा होता. बाकीचे शूटिंगवाले मूळ टेप दाबून ठेवत, म्हणजे लोक पुन्हा त्यांच्याकडेच येतील. आत्या प्रत्येक टेपवर नवरीचं नाव लिहायची आणि म्हणायची, "लगीन तुजा, तोंड तुजा, मग टेप माजी कशी? मी निस्ती सांभाळतंय." धवल्याची सीडी कोणीही मागितली तर उतरवून द्यायची. मागणारा कोण, कुठला, हे विचारायची नाही. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे उत्तरेकडचे लोकही तिच्याकडे यायचे. शुक्रवारी लूम बंद असायचे. त्या दिवशी कोणी नवा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर उभा राहायचा, अम्मीला चार शब्द बोलायचा आणि ती सीडी गावी पाठवायचा. युसूफ नावाचा एक विणकर तर दर दोन महिन्यांनी यायचा. कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की पहिली दोन मिनिटं त्याला काही बोलायलाच सुचायचं नाही. आत्या थांबायची. "बोल रे युसूफ. अम्मी बघती हाय."

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. दुकानात एका फळीवर सिनेमाच्या सीड्याही होत्या, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या, झेरॉक्स कव्हरच्या. तशा त्या काळी नाक्यानाक्यावर होत्या. आत्या त्या भाड्याने द्यायची. त्या चोरीच्या आहेत हे तिला ठाऊक होतं, आणि मलाही. त्यांची कव्हरं माझ्याच मशीनवर निघत.

एका दुपारी जीप आली. पोलीस होते, आणि त्यांच्यासोबत मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा टाय लावलेला माणूस. सिनेमाच्या सीड्या त्यांनी उचलल्या तेव्हा आत्या बाजूला सरली. मग त्या माणसाने धवल्यांची सीडी हातात घेतली. "हे आमच्या अल्बममधलं गाणं आहे," तो म्हणाला, आणि पुरावा म्हणून त्याने आपल्या कंपनीची सीडी आत्याच्याच कॉम्प्युटरवर लावली. आधी कीबोर्ड वाजला, मग ढोलकी, आणि मग म्हातारी आयचा आवाज: "कोनची गो वनिता पाटावर बसली..." कोन हे आमच्या भागातलं गाव, आणि वनिता तिथली नवरी.

आत्या आधी हसलीच. "आवं, ही तर माजी सासू!"

"सासू असेल. रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीचे आहेत."

"रेकॉर्डिंग मी केलाय. कोनला, वनिताच्या हळदीला. मी व्हते थितं. तू व्हतास?"

कधीतरी कोणीतरी तिच्याकडूनच सीडी फुकट उतरवून नेली होती, त्यातल्या गाण्यावर बाजा चढवला होता, आणि आता आत्याच चोर ठरत होती. पोलिसांनी कॉम्प्युटर घेतला, सीडी रायटर घेतले, कॅमेरा घेतला, सील न फोडलेल्या कोऱ्या सीड्याही घेतल्या. कपाटातल्या टेपा हवालदार गोणीत भरू लागला. पंचनाम्यात त्याने लिहिलं, 'टेपा – एक गोणी'.

आत्या दारात आडवी उभी राहिली. "गोनी नका लिवू. एकेक नाव लिवा. त्या टेपा न्हाईत, लोकांची लग्ना हायेत." फौजदार चिडला, पण नाक्यावर गर्दी जमली होती. शेवटी हवालदार खाली मांडी घालून बसला. आत्या एकेक टेप उचलून नाव वाचायची आणि तो लिहायचा. शंभरावर नावं होती. अंधार पडत आला तरी यादी चालूच होती. पंच म्हणून खाली सही माझी होती.

दोन आठवड्यांनी कंपनीचा वकील आला. गोड बोलणारा माणूस. एका कागदावर सही करा म्हणाला, सगळं मिटेल, सामानही लवकर सुटेल. कागदात लिहिलं होतं की कंपनीच्या मालकीची गाणी मी बेकायदेशीर उतरवून विकली, त्याबद्दल माफी मागते. आत्याचा मुलगा गोदामात नोकरीला. तो घाबरून गेला होता. "सही कर, आये," तो म्हणाला. आणि मला आजही लाज वाटते, मीही तेच म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. "टायपिंग, तुला कागद कळतात. मग सांग. मी इथं सही केली, नि उद्या वनिताच्या पोरीच्या हळदीला आमी ह्योच धवला गायलो, तर कुनाची परवानगी काढायची?"

तिने कागदाची घडी घातली आणि वकिलाला परत दिली. "सिनेमाच्या सीड्या माजी चूक. त्याची शिक्षा द्या, घेईन. पन सासूचा आवाज मी चोरला, असा मी लिवून देनार न्हाय. आंगठा कापलात तरी न्हाय."

त्या दिवसापासून माझं दुकान तिचं ऑफिस झालं. पंचनाम्याची यादी हातात होतीच. ती घेऊन आत्या गावोगाव फिरली, शेलार, कोन, पार अंबाडीपर्यंत, आणि ज्यांची ज्यांची टेप जप्त झाली होती त्यांना घेऊन आली. मी प्रत्येकीचा अर्ज टाइप करायचो. पहिल्या अर्जाला विषय काय लिहू म्हणून मी अडलो. 'जप्त केलेली चित्रफीत परत मिळणेबाबत' असं काहीतरी मी सुचवलं. समोर बसलेल्या नवरीच्या आईला ते कळेना. आत्या म्हणाली, "सरळ लिव ना. माजा लगीन परत द्या." मग मी सरकारी भाषेत लिहिलं: 'विषय: माझे लग्न परत मिळणेबाबत'. पुढे सगळ्या अर्जांना तोच विषय राहिला.

एका सोमवारी सकाळी पोलीस स्टेशनच्या दारात तीसपस्तीस बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात अर्ज, काहींच्या कडेवर पोरं. शेवटी युसूफ उभा होता, शिफ्ट बुडवून. ठाणे अंमलदाराने वरचा अर्ज वाचला, मग दुसरा, मग तिसरा. "हे काय आहे?"

"माझं लग्न तुमच्याकडे आहे साहेब," पहिली म्हणाली. "वडील गेले त्यानंतर माझे. त्या टेपेत बोलतात ते."

"और मेरा तो शादी भी नहीं है, साब," युसूफ म्हणाला. "मैं खाली अम्मी से बात कर रहा था. वो कौन सी कंपनी का गाना है?"

अंमलदाराला हसू आवरेना, पण टेपा काही मिळाल्या नाहीत. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटत नाही, असं उत्तर आलं. प्रत्येक अर्जावर पोच मात्र आत्याने घेतली, शिक्क्यासकट. "न्हाई म्हनाले, तरी न्हाई म्हनाल्याचा कागद पायजे," ती म्हणायची.

दुसरीकडे तिने आणखी एक काम काढलं. पुतण्याचा कॉम्प्युटर मागून घेतला आणि ज्यांना ज्यांना तिने लग्नाच्या सीड्या दिल्या होत्या, त्यांच्याकडून त्या परत मागवून प्रत्येकीच्या दोन-दोन प्रती काढायला बसली. एक त्यांना, एक भावकीत दुसऱ्या घरी ठेवायला. केस चालू असताना हे कशाला, म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली, "ज्या घरची हळद, त्या घरात ठेवायला कुनाचा बंधन हाय? एका ठिकानी ठेवला म्हनून तर गोनीत भरता आला त्यांना."

तिचं म्हणणं किती खरं होतं ते पुढे कळलं. तीन पावसाळ्यांनी कोर्टात तारीख लागली आणि गोणी उघडली. टेपांवर पांढरी बुरशी चढली होती. वनिताच्या हळदीची मूळ टेप मशीनमध्ये घातली, तर ती गुंडाळून तुटलीच. आत्याने ते तुटलेलं टोक हातात घेतलं. मी तिला रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

मग साक्षीला वनिता पिंजऱ्यात आली, कोनची ती नवरी, आता दोन मुलांची आई झालेली. तिच्याकडे हळदीची सीडी होती, आत्याने लग्नाच्याच महिन्यात दिलेली, वर तारखेसकट. कंपनीचा अल्बम त्यानंतर वर्षाने निघालेला. कोर्टात दोन्ही सीड्या वाजवल्या. दोन्हींत गाण्याच्या मध्येच म्हातारी आय थांबते आणि कोणावर तरी खेकसते, "हलद सांडली गो, डोले फुटले का!" कंपनीच्या सीडीत तेवढ्यापुरती ढोलकी जोरात केलेली होती, तरी खेकसणं ऐकू येत होतं. सगळं कोर्ट हसलं.

पण कंपनीचा वकील काही कच्चा नव्हता. त्याने सीडीवरचं नाव दाखवलं. "इथे लिहिलंय 'म्हातारी आय'. ही कोण? गाणाऱ्या बाईचं नाव काय?"

वीस वर्षं ज्या बाईच्या हाताखाली संसार केला, तिचं नाव आत्याला सांगता येईना. गावात कोणालाच ते ठाऊक नव्हतं. पुढची तारीख मिळाली. त्या दुपारी आत्याने घरातल्या सगळ्या पेट्या उपसल्या आणि जुन्या रेशनकार्डावर नाव सापडलं: चांगुणाबाई. नंतर ती मला म्हणाली, "कंपनीनं तिचा नाव खाल्ला, ते खरा. पन आदी आमीच खाल्ला व्हता." त्यानंतर तिने एकही धवला नावाशिवाय दिला नाही. म्हाताऱ्या धवलारणींच्या घरी जाऊन, त्यांच्या नातवांना विचारून, पुरी नावं गोळा केली आणि प्रत्येक सीडीवर लिहिली.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. नाक्यावरची आमची दुकानं रस्त्यात गेली. सीड्याही गेल्या. पण आमच्याकडच्या लग्नांत पोरी मोबाइलवर ऐकून धवले शिकतात, तेव्हा ते बहुतेक तिनेच उतरवलेले असतात. चांगुणाबाई, बारकाबाई, हौसाबाई अशी नावं खाली दिसतात. मी टायपिंग सोडलं. तरीही कोणी 'इथे सही करा, मिटून जाईल' असा कागद पुढे केला, तर मी तो आधी दोनदा वाचतो आणि बहुतेक वेळा परत देतो. ते मी तिच्याकडून घेतलं.

निकालाचा दिवस मला लख्ख आठवतो. सिनेमाच्या सीड्यांबद्दल न्यायाधीशांनी तिला दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा दिली, म्हणजे दिवसभर तिथेच बसून राहायचं. गाण्यांच्या आरोपातून ती सुटली. ती मागच्या बाकावर पदर सावरून बसली. निकालाची प्रत मिळाली तेव्हा तिने ती माझ्या हातात दिली. "वाच."

समोर दुसऱ्या केसचं काम चालू होतं. मी हळू आवाजात वाचलं: 'सदर गीतातील आवाज हा आरोपीची सासू मयत चांगुणाबाई हिचा असल्याचे दिसून येते. त्यावर फिर्यादी कंपनीचा हक्क शाबीत होत नाही.'

"पुन्ना वाच. आता त्यातला 'आरोपी' काड. 'मयत' पन काड. निस्ता आयचा नाव घे."

मी वाचू लागलो तसा पट्टेवाला आला. "ओ, आवाज बंद करा. कोर्ट चालू आहे."

आत्या उठून उभी राहिली. "दादा, मी शिक्षा भोगतंय. उठेपर्यंत बस म्हनाले, बसलंय. कुटं पलून जात न्हाय. पन आमच्या आयचा नाव कोर्टात पयल्यांदा निगालाय, ते बारीक आवाजात वाचनार न्हाय."

पट्टेवाल्याने न्यायाधीशांकडे पाहिलं. ते खाली मान घालून लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वाच रे," आत्या म्हणाली.

मी उभा राहिलो आणि मोठ्याने वाचलं.