घरचा राजीनामा

माझ्या भाचीला वकील व्हायचं होतं. दिल्लीत हे इतक्या मुलांना व्हायचं असतं की याला इच्छा म्हणण्यापेक्षा रांग म्हणणं अचूक ठरेल.

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी देशभर एक प्रवेश परीक्षा होते. इंग्रजी उतारे, तर्क, चालू घडामोडी, थोडं गणित. उत्तर माहीत असून भागत नाही, ते शेजारच्याच्या आधी माहीत असावं लागतं. भाचीचे गुण वाईट नव्हते. तिच्या पुढच्यांचे चांगले होते. महाराष्ट्रातल्या विधी विद्यापीठांत तिथल्या रहिवाशांसाठी राखीव जागा असतात, पण हिचा जन्म, शाळा, सगळं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधलं. कागदोपत्री ती महाराष्ट्राची नव्हती. उरलं पानिपतच्या वाटेवरचं एक खासगी विद्यापीठ. तिथे परीक्षेच्या गुणांसोबत निबंध आणि मुलाखत. ते हुकलं असतं तर आणखी एक वर्ष क्लास.

क्लास नोएडात, माझ्या ऑफिसच्याच सेक्टरमध्ये. म्हणून निबंधाच्या चर्चेला तिच्याबरोबर मी गेलो.

"तुम्हारा स्ट्रगल क्या है?" सरांनी तिला विचारलं.

"सर, मेट्रो में सीट नहीं मिलती."

"वो तो सबका है. घर का कुछ बताओ. कोई अन्याय?"

"घर में सब ठीक है, सर."

पेशंटचं काही खरं नसलं की डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात, तसं सरांनी माझ्याकडे बघितलं. "सब ठीक है, तो एडमिशन कैसे होगा?"

अखेर निबंधात असं आलं की बाजारातल्या फेरीवाल्यांना पोलिसांनी हटवताना पाहून लहानपणीच तिच्या मनात न्यायाची ठिणगी पडली. फेरीवाले खरे होते. ठिणगी सरांची होती. एका वकिलाच्या चेंबरमध्ये तिने महिनाभर झेरॉक्स काढल्या होत्या, त्याचं 'विधी संशोधन' झालं. नकली खटल्यांच्या स्पर्धेतलं प्रमाणपत्रही जोडलं. त्या स्पर्धेत प्रत्येक वक्ता कशात ना कशात सर्वोत्कृष्ट ठरला होता.

मुलाखत ऑनलाइन होती. भाची बाहेरच्या खोलीत लॅपटॉपसमोर, अंगात ताईचा काळा ब्लेझर. ताई, भावोजी आणि मी स्वयंपाकघरात. कुकर लावायला बंदी होती. खिडकी बंद असूनही बाजारातून कपडेवाल्याचं "आखरी पीस, आखरी पीस" ऐकू येत होतं.

राज्यघटना झाली, न्यायाची ठिणगी झाली. मग पॅनेलवरचे एक निवृत्त न्यायाधीश इंग्रजी सोडून हिंदीत आले.

"मान लो, दो सगे भाई हैं. जमीन का मुकदमा सालों से चल रहा है. एक दिन बड़ा भाई तुमसे कहता है, वकील साहिबा, मैं राजीनामा करना चाहता हूँ. क्या सलाह दोगी?"

"सर, पहले पूछूँगी, नौकरी कहाँ है?"

"नौकरी?"

"मतलब, नोटिस पीरियड कितना है. और दूसरी मिली है क्या."

पॅनेलवर कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "बेटा, राजीनामा माने समझौता. दोनों पक्ष राजी. कचहरी का रोज का शब्द है. तुम्हें नहीं पता?"

भावोजींनी कपाळाला हात लावला. "यार, हे तू शिकवलंस तिला," ते ताईला कुजबुजले.

"मी? ऑफिसातून आल्या आल्या रोज 'उद्या राजीनामा फेकतो' कोण म्हणतं?"

"हळू बोल."

"तुम्हीच हळू बोला. तिच्या तोंडावर आता नाही म्हणतील."

महाराष्ट्रातल्या जागेसाठी जे मराठीपण कमी पडलं होतं, ते इथे नको तेवढं निघालं होतं. मग बाहेरून भाचीचा आवाज आला. तो क्लासचा नव्हता.

"सॉरी सर. हम मराठी हैं. हमारे घर में राजीनामा मतलब नौकरी छोड़ना. पापा रोज शाम को देते हैं. फिर मम्मी चाय पे आपवाला राजीनामा करवाती हैं. सुबह पापा ऑफिस चले जाते हैं."

न्यायाधीश आता हसले. "दोनों पक्ष राजी?"

"मम्मी राजी होती हैं, सर. पापा को बता दिया जाता है."

ताईने ओट्याकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. भावोजी कुकरकडे बघत उभे राहिले.

प्रवेश मिळाला. क्लासच्या बोर्डावर भाचीचा फोटो लागला, खाली 'सहज उत्तरांचं तंत्र' असं इंग्रजीत. सर म्हणाले, हे ते पहिल्यापासून शिकवतात.

खासगी विद्यापीठाची फी अर्थातच खासगी आहे, आणि ती पाच वर्षं भरायची आहे. भावोजींनी एकरकमी राजीनामा केला आहे, न्यायाधीशांच्या अर्थाचा. घरच्या अर्थाचा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलेला नाही. संध्याकाळी ते ऑफिसातून येतात, चपला काढतात आणि चहा मागतात.