मामी स्टिअरिंग हलवते

मामीला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी म्हणणारच, "येत असेल हो, लपवून ठेवलं असेल." नाही येत. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, ते तिला आजही विचारू नका. पण गेली एकतीस वर्षं आसपासच्या प्रत्येक खटाऱ्याच्या ड्रायव्हरच्या सीटवर ती बसलेली आहे.

कारण तिचा नवरा, मिस्तरी. गॅरेज घराला चिकटूनच. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर गाडी आणि गाडीखाली खड्डा. जुन्या गाडीचं स्टिअरिंग सैल झालं, म्हणजे चाकं जागची हलत नाहीत आणि स्टिअरिंग नुसतंच इकडेतिकडे फिरतंय असं झालं, की झीज कुठल्या सांध्यात आहे ते शोधायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. जो सांधा बोटाखाली उडतो, तो चोर.

मिस्तरी खड्ड्यातून ओरडायचा, "अगं, ये गं जरा!" की मामी ओले हात पुसत यायची आणि सीटवर चढून बसायची.

"वर बसून शेळ्या हाकायच्या. तुझं बरंय बाई," तो खालून म्हणायचा.

"शेळ्या तरी ऐकतात," ती वरून म्हणायची.

तिच्या तळव्यांना आधी एक ठोका लागायचा आणि मागोमाग खालून त्याचं नाव यायचं. टाय रॉड. स्टिअरिंग बॉक्स. बॉल जॉइंट. कधी ठोका कोरडा, कधी मऊ, कधी नुसती टिचकी मारल्यासारखा. आधी ठोका, मग नाव, असं एकतीस वर्षं चाललं तर एखाद्या दगडालासुद्धा कळायला लागलं असतं, आणि मामी काही दगड नव्हती. पण तिनं कधी तोंडातून ब्र काढला नाही. वरच्या माणसानंच नाव सांगितलं तर खालच्या माणसानं काय करायचं, असा तिचा सरळ हिशोब.

तर, गेल्या आठवड्यात नर्सबाईंची गाडी आली होती. नर्सबाई घाटावरच्या वस्त्यांमधे बाळंतपणं करायला जातात आणि त्यांची गाडी त्यांच्या नोकरीपेक्षा जुनी आहे. मामी त्या दिवशी बहिणीकडे गेलेली. मिस्तरीनं एकट्यानंच चाचपून बघितलं, स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला आणि गाडी देऊन टाकली. आज सकाळी नर्सबाई परत दारात.

"मामा, आता वळवायला जड झालंय आणि सैल आहे ते आहेच! काल वळणावर हातभर दरीकडे गेली गाडी. मी लोकांना जगात आणते हो, मला इतक्यात जगातून जायचं नाहीये."

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं झालं होतं. मिस्तरीचा चेहरा पडला. नर्सबाईंना दुपारपर्यंत वर पोहोचायचं होतं, एका पोरीचं पहिलंच बाळंतपण होतं. त्या बाहेर बाकावर बसून राहिल्या.

मिस्तरी खड्ड्यात उतरला, मामी सीटवर बसली आणि हलवायला लागली. दोनदा हलवलं न हलवलं तोच तिला कळलं. कोरडा, आखूड ठोका. डावीकडचा बाहेरचा बॉल जॉइंट. आता खालून नाव येईल म्हणून ती हलवत राहिली.

"डावा ठीक आहे," मिस्तरी म्हणाला. "उजवीकडे बघतो."

मामीचे हात थांबले.

"डावा पुन्हा बघा."

"बघितला ना! हात ठेवूनच आहे मी."

ती सीटवरून उतरली आणि गुडघे कुरकुरत असताना खड्ड्याच्या पायऱ्या उतरून खाली गेली. मिस्तरीची बोटं खरंच त्या सांध्यावर होती. अगदी बरोबर जागेवर.

"हात दाखवा."

त्यानं मूठ वळली. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण मामीनं ती उघडलीच. दोन बोटांवर टरारून फोड आले होते. शेजारून गेलेला सायलेन्सरचा पाइप अजून तापलेला होता.

"अहो, हे काय?"

"काय झालं?" म्हणत त्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. त्याला ठाऊकच नव्हतं.

मग तो पायरीवर बसला. "वर्ष होत आलं," तो म्हणाला. "आधी टोकं बधिर झाली. आता नट खाली पडला की आवाजावरून कळतं, हातात होता म्हणून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? मला दुसरं येतं काय?"

मामीला संताप आला आणि त्याच क्षणी इतकी माया दाटून आली, की आधी काय करावं ते तिला कळेना. शेवटी तिनं दोन्ही केलं. "वेडे आहात तुम्ही," म्हणाली आणि त्याचा तेलकट हात तसाच गालाशी धरून उभी राहिली.

"उठा," थोड्या वेळानं ती म्हणाली. "तुम्ही वर बसा."

"मी?"

"मग काय, वर पण मी आणि खाली पण मीच?"

मिस्तरी वर बसला आणि स्टिअरिंग असं ओढायला लागला, की गाडी हिसके खायला लागली.

"अहो, हळू! विहिरीतून बादली ओढताय का?"

मग त्यानं हळू हलवलं. मामीनं बोटं ठेवली. सांधा बोटाखाली चिमणीसारखा उडत होता.

"डावा. बाहेरचा."

वर स्टिअरिंग हलायचं थांबलं.

"तुला वरूनच कळलं होतं ना?"

"हो."

"कधीपासून कळतंय?"

"आपली थोरली रांगत होती ना, तेव्हापासून."

मिस्तरी हसला. हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले.

गंजलेला नट मिस्तरीनंच सोडवला, त्याच्या दंडातली ताकद कुठे गेली नव्हती. जुना सांधा जितके आटे आत होता तितकेच मोजून मामीनं नवा फिरवत बसवला, मिस्तरी शेजारी उभा राहून सांगत गेला. पिन घातली. उगाच आवळलेला बॉक्सचा स्क्रूही जागेवर आणला.

नर्सबाई आत आल्या. "सापडलं का मामा?"

मिस्तरीनं फडक्याला हात पुसले. पुसण्यात नको तितका वेळ घालवला.

"मला नाही सापडलं," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात चूक माझीच. बोटांना काही कळत नाही आता. हिनं शोधलं."

नर्सबाईंनी त्याचा हात ओढून घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि मास्तरणीसारख्या ओरडल्या, "रक्तातली साखर तपासलीय कधी? उद्या सकाळी उपाशीपोटी यायचं. विसरलात तर मी घ्यायला येईन!"

त्यांनी आवारातच दोन चकरा मारल्या, वळवून बघितलं आणि फाटकापाशी थांबून काच खाली केली.

"मामी, जाऊ ना घाटातून?"

मामीनं सवयीनं मिस्तरीकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, उत्तराची वाट बघत.

"जा," मामी म्हणाली. "बिनधास्त जा."