बुडाशी घातलेला नंबर

जुन्या वस्तू साफ करून देणं हा माझा धंदा. निम्मं आयुष्य संग्रहालयाच्या नोकरीत गेलं, आता कोथरूडला घरीच करते. गेल्या वर्षी एक गृहस्थ बुद्धाचं दगडी शीर घेऊन आले. नारळाएवढं, अतिशय देखणं.

“अहो ताई, चेहऱ्याला हात लावू नका. फक्त बुडाचा हा काळा डाग घालवा.”

मी भिंग लावलं. डाग कसला, नंबर होता! उर्दूत असतात तसे आकडे. आकड्यांखाली पांढऱ्या रंगाचा हात दिलेला, त्यावर बारीक काळी शाई. वस्तूची नोंद झाली की आम्हीही नंबर असाच घालायचो, सहसा दिसणार नाही अशा जागी. कुठल्यातरी संग्रहालयात माझ्यासारख्याच कुणीतरी श्वास रोखून हे आकडे लिहिले असणार. माझं डोकंच फिरलं.

“कुठून आणलंत?”

“अफगाणिस्तानातलं. दुबईत घेतलं. युद्धात सगळं फोडत होते हो तिथे. आम्ही वाचवलं म्हणा ना.”

“वाचवलंत ना? मग नंबर कशाला पुसताय?”

“जमत नसेल तर तसं सांगा,” म्हणत ते शीर टॉवेलात गुंडाळायला लागले. तेवढ्यात मी बुडाचा फोटो काढला. ते फार चिडले. चिडू देत.

तशीच चौकीत गेले. “चोरी आपल्या हद्दीत झालीय का, बाई?” असं विचारून त्यांनी अर्ज ठेवून घेतला, तो अजून ठेवलेलाच आहे. आठवड्याने आमच्याच धंद्यातला एक जण हसत सांगत होता, “तो नंबर ना? मी काढला. पंधरा मिनिटांचं काम.” त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दहा ठिकाणी विचारून ते संग्रहालय शोधलं आणि फोटो पाठवला. तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. युद्धात संग्रहालय लुटलं तेव्हा नोंदवह्याही जाळल्या होत्या. आता जो नंबर कळेल त्यावरून त्या नवी वही लिहीत होत्या. या शिराचा माझ्या फोटोशिवाय दुसरा पुरावा नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं होतं, वस्तू सध्या कुठे आहे?

मी त्या गृहस्थांचा पूर्ण पत्ता कळवला. महिन्याने बाईंनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मला त्यातलं एकही अक्षर वाचता येईना, म्हणून त्यांनी शेवटच्या रकान्याचा अर्थ खाली लिहून दिला होता. लुटलेली वस्तू कुठे आहे : पुणे.