कायद्याच्या आधी पोचलेले साडू

न झालेल्या कायद्याचं इतक्या निष्ठेनं पालन करणारा माणूस आमच्या साडूंखेरीज उभ्या भारतात दुसरा नसेल. झालेले कायदे पाळणारेही आपल्याकडे मोजकेच. हे गृहस्थ मात्र सरकारच्या मनात एखादी गोष्ट नुसती घोळू लागली की त्याच दिवसापासून ती पाळायला लागतात. शिवाजी पेठेत त्यांनी घर बांधलं तेव्हा पुढचा रस्ता रुंद होणार अशी कुजबुज होती. साडूंनी आपणहून ओटा मागे घेतला. रस्ता काही रुंद झाला नाही. त्या मोकळ्या जागेत आता शेजाऱ्यांच्या मोटारसायकली लागतात, आणि साडू स्वतःची गाडी पलीकडच्या गल्लीत लावून चालत घरी येतात. हेल्मेटचंही तसंच. सक्तीची नुसती बातमी आली होती, पुढं ती बारगळलीही. पण साडू कोपऱ्यावर दूध आणायला निघाले तरी डोक्यावर हेल्मेट. कुणी हसलं तर म्हणतात, "कायदा येणारच हाय की. आल्यावर पळापळ करून काय उपेग?"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, यजमान. पेशानं सॉफ्टवेअरवाले. कागलच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची यंत्रं कॉम्प्युटरला जोडून देणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम. पुढे त्यांनी आणि त्यांच्या एका दोस्तानं मिळून 'डीफाय' नावाचा प्रकार सुरू केला. तो मला समजायला दोन दिवाळ्या गेल्या. थोडक्यात असं, की क्रिप्टो नाणी बाळगणारी माणसं ती एकमेकांना उसनी देतात, त्यावर व्याज घेतात, आणि मध्ये बँक नाही, मॅनेजर नाही, शिक्का मारणारा कुणी नाही. नियम कॉम्प्युटरच्या भाषेत लिहून ठेवलेले. ते आपोआप चालतात. या धंद्यावर आपल्याकडे कर आहे, पण धड कायदा अजून नाही. जगभरचे लोक तो टोपणनावानं करतात आणि फोटोच्या जागी माकडाचं चित्र लावतात. अशा मोकळ्या रानात आमचे साडू एकटेच कुंपणाच्या आत उभे राहून कुंपण घालणाऱ्याची वाट बघत होते.

त्यांची तयारी बघून मी थक्क व्हायचो. आपणच लिहिलेले नियम त्यांनी परक्या माणसांकडून पैसे देऊन तपासून घेतले, आणि निघालेल्या चुका लपवायच्या सोडून वेबसाइटवर छापल्या. अमुक इतकं व्याज मिळेलच, अशा अर्थाचं प्रत्येक वाक्य खोडून टाकलं. सगळ्यात वर ठळक मराठीत लिहिलं, 'इथे तुमचे पैसे बुडू शकतात.' अक्का हायस्कुलात शिकवतात. त्यांची जीभ धारदार. त्या म्हणाल्या, "माल नासका निघंल अशी पाटी लावणारा दुकानदार मी पयल्यांदाच बघितला." साडूंना हा अभिनंदनाचा ठरावच वाटला.

पण खरा थाट असायचा तो पुढे कधीतरी होणाऱ्या सरकारी तपासणीच्या रंगीत तालमीचा. अमावस्येला कारखान्यांत यंत्रांची पूजा होऊन काम लवकर सुटतं. त्या दुपारी साडू मोकळे. मग आम्हा नातेवाइकांपैकी जो सापडेल त्याला अधिकारी करून खुर्चीत बसवायचं, आणि साडूंनी दोस्ताला शेजारी घेऊन समोर उभं राहायचं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोलासुद्धा 'साहेब' म्हणायचं. आतून भज्यांचा वास येत असायचा, पण तपासणी संपेपर्यंत अधिकाऱ्याला पाणीसुद्धा नाही. का, तर "ती लाच हुईल, पावणं."

एका अमावस्येला खुर्चीत अक्का बसल्या.

"वेबसाइटवर लिवलंय, ह्याला कुणी मालक न्हाय. खरं हाय?"

"व्हय साहेब," साडू म्हणाले.

"मग मागं बिघाड झालता, तवा समदं बंद कुणी केलं?"

साडूंनी दोस्ताकडे बघितलं. "आम्हीच की. बंद-चालू करायची चावी हाय आमच्याकडं."

"चावी तुमच्याकडं आन् मालक न्हाय? मग तुम्ही कोण, भाडेकरू?"

मी खो खो हसलो. दोस्तही हसला. साडू हसले नाहीत.

पुढचे कित्येक दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मग त्यांनी ठरवलं. चावी दोघांच्या हातात ठेवायची नाही. ओळखीपाळखीच्या पाच-सात जाणत्या माणसांत वाटायची, म्हणजे एकट्यादुकट्याला ती फिरवता येणार नाही, आणि कुठलाही बदल आधी जाहीर करून मगच करायचा. 'मालक नाही' हे वाक्य काढायचं. त्या जागी 'जबाबदार कोण' असं लिहून खाली स्वतःचं नाव, फोटो आणि पेठेतल्या घराचा पत्ता द्यायचा.

चावी वाटायला दोस्ताची हरकत नव्हती. नावाला होती. दोघं लहानपणापासूनचे, एकाच तालमीच्या संघातून फुटबॉल खेळलेले, एकमेकांच्या लग्नात नवरदेवापेक्षा जास्त नाचलेले. त्या दिवशी तो माझ्यासमोरच ओरडला, "आरं, नाव न्हाय तर धरणार कुणाला? उद्या कायदा आला की पयली नोटीस तुझ्या दारात!"

"यायचीच हाय तर पत्ता चुकाय नको," साडू शांतपणे म्हणाले.

"माझं नाव लावायचं न्हाय. आन् तुझं लागलं की मी ह्यात न्हाय. तुझ्या घरातबी न्हाय."

साडूंनी नाव लावलं. मी शेजारीच होतो. बटण दाबण्याआधी त्यांनी मला एवढंच विचारलं, की फोटोत कॉलर नीट दिसते ना. मी उभा जन्म सरकारी कचेरीत काढला. जबाबदारीच्या रकान्यात आपलं नाव येऊ नये म्हणून बदली मागून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. कुणी मागितलेलं नसताना तिथे आपलं नाव घालणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बरीच मंडळी आपली नाणी काढून घेऊन गेली. काही नवी आली. इथे विचारायला एक खरा माणूस आहे, एवढ्याचंच त्यांना अप्रूप. कायदा अजून आलेला नाही. आला तर त्यातलं एकही कलम साडूंना नवं वाटणार नाही, याबद्दल मला शंका नाही.

गेल्या अमावस्येला खुर्चीत मी होतो. साडू समोर एकटेच उभे होते. मी सवयीनं, अधिकाऱ्याच्या घोगऱ्या आवाजात विचारून बसलो, "तुमचे भागीदार कुठं आहेत?"

"हितंच, खालच्या गल्लीत ऱ्हातोय साहेब. परवा समोरनं गेला. बोलला न्हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "समद्याची तयारी केलती, पावणं. ह्येचीच करायची ऱ्हायली."

घसा खाकरून ते पुन्हा ताठ उभे राहिले. "विचारा साहेब, फुडचं विचारा."